कागद ओल्यात चालतो

सोसायटीच्या खताच्या खड्ड्यात पहिली पुडी सापडली तेव्हा नंदाताईंनी ती काडीने बाजूला सारली आणि विसरून गेल्या. दुसरी मात्र उघडून बघितली, आणि त्यांचं डोकंच फिरलं.

साधा पांढरा पेपर नॅपकिन होता. चारही कोपरे आत दुमडून इतका घट्ट घडी केलेला की काडीने उकलता उकलेना. शेवटी हातमोजा घालून बोटांनी सोडवला. आत चपातीचा मुटका, बोटांनी मळून केल्यासारखा, ओलसर. आणि मुटक्यावर आणि कागदावर लालभडक डाग.

"कुंकू!" नंदाताई मोठ्याने म्हणाल्या. ऐकायला खड्ड्यातली गांडुळं सोडून कोणी नव्हतं.

नंदाताईंची सगळी नोकरी टपालखात्यात, पत्रांच्या वर्गवारीत गेली. लिफाफा हातात आला की डोळा पत्त्यावर आणि हात कप्प्याकडे, मधे विचार नाही. यजमान दशरथराव खडकीच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत पॅकिंगला होते. ते निवृत्त झाल्यावर क्वार्टर सुटलं, मुलाने वाघोलीत फ्लॅट घेऊन दिला आणि स्वतः बंगळुरूला निघून गेला. इथे राहायला आल्यावर नंदाताईंच्या लक्षात आलं की एवढ्या मोठ्या सोसायटीत कोणालाच कशाचीही वर्गवारी येत नाही. भाजीच्या देठांत दुधाच्या पिशव्या, केळ्याच्या सालींत रिमोटचे सेल. सगळे शिकलेले, निम्मे तर कॉम्प्युटरवाले. बाईंना राहवेना. कमिटीच्या मागे लागून त्यांनी मागच्या भिंतीलगत, चालायच्या पट्ट्याच्या कडेला, खतासाठी विटांचे हौद बांधून घेतले. हौद जमिनीच्या वर होते तरी सगळे त्यांना खड्डेच म्हणत.

मग त्यांनी दारोदार फिरून शिकवलं. लग्नपत्रिका खतात चालत नाही, ती चकचकीत असते. अंड्यांचे ट्रे चालतात, फाडून द्या. वर्तमानपत्र चालतं, पेपर नॅपकिन चालतात, उलट खत चिकट होत नाही त्यामुळे. रक्ताचं काही असेल, पॅड म्हणा, जखमेचा कापूस म्हणा, ते मात्र वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर लाल खूण करायची आणि कचरा न्यायला येणाऱ्या बाईंच्या हातात वेगळं द्यायचं. 'कागद ओल्यात चालतो' हे तर त्या इतक्या वेळा म्हणत की लिफ्टमध्ये त्या शिरल्या की लोक एकमेकांकडे बघून हसत. हसोत. खत मात्र काळंभोर, भुसभुशीत, पावसाने भिजलेल्या मातीच्या वासाचं तयार होत होतं, आणि ते हातात घेतलं की नंदाताईंना आपण निवृत्त झालोय असं वाटत नसे.

आता तेच पणाला लागलं होतं. तिसरी पुडी बी विंगमधल्या पूर्वाला दिसली. आयटीतली मुलगी, तिने लगेच फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. "गाईज, कंपोस्ट पिटमध्ये कोणीतरी ब्लॅक मॅजिक करतंय, सीरियसली. मी तिथे बकेट घेऊन जाणार नाहीये." झालं. लोक भराभरा बादल्या मागे घ्यायला लागले. चेअरमन वैजनाथ यांचा डोळा त्या जागेवर केव्हापासूनच होता, गाड्या मावत नव्हत्या. त्यांनी लिहिलं, "रविवारी मीटिंगमध्ये विषय घेऊ. करणारा सापडला तर ठीक. नाहीतर खड्डे तोडून पार्किंग करावं असं माझं नम्र मत."

"नम्र म्हणे," नंदाताई फोनकडे बघून म्हणाल्या.

खड्ड्यांची काळजी होतीच, पण त्याहून जास्त त्यांना संताप आला होता. उतारा म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. घरात कोणी आजारी पडलं की त्याच्यावरून मुटका ओवाळायचा, कुंकू माखायचं आणि दुसऱ्याच्या वाटेत टाकून द्यायचा, म्हणजे दुखणं त्या दुसऱ्याला लागावं. नंदाताईंच्या वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला त्या दिवशी हे सगळं घराबाहेर काढलं होतं. खडकीत महिला मंडळात नंदाताईंनी यावर भाषणं ठोकली होती. आणि आता त्यांनीच बांधून घेतलेल्या खड्ड्यात कोणीतरी बिनदिक्कत उतारे टाकत होतं!

कोणीतरी कशाला? नंदाताईंचा हात केव्हाच कप्प्याकडे गेला होता. मुक्ताई.

मुक्ताई सी विंगमधल्या. हयात शनिवार पेठेत गेलेली, यजमानांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. ते गेले, दुकान बंद झालं, आणि मुलगा आईला वाघोलीत घेऊन आला. दाराला लिंबू-मिरची. नातवाची मीठ-मोहरीने दृष्ट काढून झाली की जळका वास पार जिन्यापर्यंत यायचा. दुकानातलं उरलेलं कुंकू घरात डबे भरभरून असणार. आणि रोज सकाळी फुलं तोडायला बाई नेमक्या त्याच भिंतीशी. आणखी काय पुरावा हवा?

दुसऱ्या दिवशी मुक्ताईंनी बादली खड्ड्यापाशी ठेवली तशी नंदाताईंनी काडीने ती ढवळायला सुरुवात केली.

मुक्ताई फुलांची परडी घेऊन बघत उभ्या राहिल्या. "काही हरवलंय का आपलं?"

"रोजची तपासणी आहे."

"करा, करा. माझा चष्मा सकाळपासून सापडत नाहीये. मिळाला तर वर आणून द्या."

बादलीत दोडक्याच्या साली होत्या, चहाचा चोथा होता, लसणाची टरफलं होती. पुडी नव्हती. नंदाताईंना तर तेच जास्त संशयास्पद वाटलं. सराईत माणूस स्वतःच्या बादलीत कशाला टाकेल?

घरी येऊन त्यांनी दशरथरावांना कामाला लावलं. "तुम्ही सकाळी त्याच पट्ट्यावरून चालता ना? जरा डोळ्यात तेल घालून बघा कोण येतं जातं ते."

"बरं," दशरथराव म्हणाले.

हल्ली ते एवढंच बोलत. बरं, बघू, हो. तेही ओठ जेमतेम उघडून, तोंडात काही धरून ठेवल्यासारखं. आणि तोंडात काही धरून ठेवणं म्हणजे काय, हे या घरात वेगळं सांगायची गरज नव्हती. फॅक्टरीत असताना त्यांना तंबाखूचं भयंकर व्यसन. निवृत्तीनंतर नंदाताईंनी निर्वाणीचं सांगितलं होतं, एक तर ही पुडी राहील नाहीतर मी. दशरथरावांनी त्याच दिवशी चुन्याची डबी कचऱ्यात टाकली. सुक्या कचऱ्यात, धातू म्हणून. पण नंदाताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकायची ती चुकचुकतच होती. सदरे धुवायला टाकताना त्या खिसे उलटे करत, कापड नाकाशी नेऊन हुंगत. काही सापडत नव्हतं. लपवायला शिकलेत, असं त्या स्वतःला सांगत.

त्यात जेवणाचं वेगळंच सुरू झालं होतं. ताट घेऊन बाल्कनीत जायचं आणि पाठ करून बसायचं.

"आत बसायला काय होतं?"

"दाढ दुखते. सावकाश खातो. तुझं आवर तू."

"मग दाखवून या दाढ."

"बघू."

वजनही उतरलं होतं. चालण्याने उतरलं असेल, बरंच आहे, असं नंदाताई म्हणाल्या आणि खड्ड्याकडे गेल्या. पाचोळ्याखाली नवी पुडी होती. तशीच घट्ट, तसाच ताजा लाल डाग. ही त्यांनी एका जुन्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि खड्ड्याशेजारच्या, फावडं ठेवायच्या फळीवर नीट ठेवून दिली. रविवारी सगळ्यांसमोर उघडायला.

दशरथराव रोज फिरून येत आणि रोज तेच सांगत. "मला कोणी दिसलं नाही."

शुक्रवारी नंदाताईंचा धीर सुटला. मुक्ताई भिंतीशी जास्वंदीची फांदी वाकवत होत्या. पट्ट्यावर चालणारी चार माणसं होती, पूर्वाही होती.

"मुक्ताई, एकदाच विचारते. कोणाचं दुखणं उतरवताय आमच्या खड्ड्यात?"

मुक्ताईंनी फांदी सोडली. "काय म्हणालात?"

"चपात्यांचे मुटके, कुंकू लावलेले. नॅपकिनमध्ये बांधून. आम्हाला काय कळत नाही?"

"पहिली गोष्ट, आमच्याकडे पोळ्या टाकण्याइतक्या उरत नाहीत. सूनबाई मोजून लाटते." मुक्ताईंचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. "दुसरी गोष्ट, कुंकू आम्ही आयुष्यभर विकलं. लोकांच्या लेकीसुनांच्या कपाळाला लागावं म्हणून विकलं. ते लावून कोणाच्या वाईटावर टपले नाही मी कधी. आणि तिसरी..." त्या तशाच वळून निघून गेल्या.

चारचौघांनी ऐकलं म्हणजे सगळ्या सोसायटीने ऐकलं. संध्याकाळी मुक्ताईंचा नातू खाली खेळायला आला तर दोन आयांनी आपापली मुलं वर बोलावून घेतली. शनिवारी मुक्ताई फुलांना आल्या नाहीत. त्यांची बादली दारातच उभी होती, झाकण लावून. नंदाताईंनी जाता-येता ती बघितली. पुडी सापडली नाही, याचा अर्थ बाई घाबरली, असा त्यांनी कप्पा लावला. तरी आत कुठेतरी बरं वाटत नव्हतं. रात्री जेवताना त्यांनी दशरथरावांना हे सगळं रंगवून सांगितलं. दशरथराव बाल्कनीच्या दारात ताट घेऊन उभे होते. "त्या बाईंचं काही नसेल गं त्यात," ते म्हणाले. मग काहीतरी आणखी सांगायचं असल्यासारखे थांबले.

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"नाही. असंच."

रविवारी मीटिंगआधी नंदाताई डबा आणायला खड्ड्याशी गेल्या. लोकांसमोर उघडण्यापूर्वी एकदा बघावं म्हणून त्यांनी झाकण काढलं.

डाग लाल नव्हता. तपकिरी, काळपट झाला होता, कडेला वाळून कागदाला सुरकुत्या पडल्या होत्या.

नंदाताई बघत राहिल्या. शेजारच्या खड्ड्यात गणपतीनंतर कोणीतरी टाकलेली नारळाची करवंटी अजून पडली होती. कित्येक आठवडे झाले होते, ऊन-पाणी सगळं खाल्लं होतं तिने. तिच्यावरचं कुंकू अजून लाल होतं. ते त्यांनी रोज बघितलं होतं. कुंकू काळं पडत नाही. काळं काय पडतं, ते कोणत्याही बाईला कळतं.

त्यांनी मुटका काडीने फोडला. तो मळलेला नव्हता, चावलेला होता. आत ओव्याचे दाणे दिसले. चपातीच्या कणकेत ओवा घालायचं खूळ या सोसायटीत एकाच घरात होतं, यजमानांच्या पोटाला बरं म्हणून. मग त्यांचं लक्ष कागदाच्या घडीकडे गेलं. चारही कोपरे आत, एकावर एक. सुटता न सुटणारी. खडकीत नंदाताईंच्या नोकरीच्या सगळ्या वर्षांत दशरथरावांनी त्यांचा डबा याच घडीने कागदात बांधून दिला होता, भाजीचं तेल कधी पिशवीला लागलं नव्हतं.

डबा हातात घेऊन त्या वर आल्या. लिफ्टची वाट बघायचंही सुचलं नाही, जिन्यानेच आल्या. दार किल्लीने उघडलं.

दशरथराव बाल्कनीत पाठमोरे बसले होते, मांडीवर नाश्त्याची बशी. त्यांनी घास तोंडात घातला, एका गालाकडून दुसऱ्या गालाकडे नेला आणि डोळे घट्ट मिटले. मग नॅपकिन तोंडाशी धरला. घास तसाच परत आला. त्यांनी कागद मांडीवर ठेवला आणि कोपरे आत दुमडायला लागले.

"तंबाखू पुन्हा सुरू केलीत ना?"

हेच पहिलं वाक्य नंदाताईंच्या तोंडून निघालं. दुसरं काही निघालंच नाही.

दशरथराव वळले. रागावले नाहीत. "बघ," ते म्हणाले, "म्हणूनच सांगितलं नाही."

नंदाताईंच्या हातातला डबा खाली पडला.

"सोडली त्या दिवसापासून सुपारीचं खांडसुद्धा नाही तोंडात. पण तू विश्वास ठेवला असतास? तोंडात फोड आलाय म्हटलं असतं तर आधी खिसे तपासले असतेस."

"पण खड्ड्यात का टाकायचं? असं चोरून?"

"मग कुठे टाकू? घरची बादली तू रोज ढवळून बघतेस. कागद ओल्यात चालतो, तूच सांगतेस. रक्ताचं वेगळं द्यायचं, तेही ठाऊक आहे मला. पण त्याच्यावर लाल खूण करायची असते. आपल्या घरातून लाल खूण गेली असती तर कोणाची, हे विचारल्याशिवाय राहिली असतीस तू?"

"आणि मी जगभर उतारा उतारा म्हणत फिरत होते तेव्हा?"

"दोनदा सांगायला आलो. एकदा तू फोनवर होतीस." त्यांनी बशी खाली ठेवली. "एकदा माझा सदरा हुंगत होतीस."

नंदाताई त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसल्या. "आ करा."

"राहू दे आता."

"आ करा म्हणते ना."

त्यांचं तोंड पुरतं उघडेना. जेवढं उघडलं तेवढ्यात, सकाळच्या उन्हात, गालाच्या आतली जखम दिसली. पांढुरक्या कडांची, मधे लाल. ती दोनचार दिवसांची नव्हती. सोसायटीत कोणाच्या बादलीत काय असतं हे नंदाताईंना तोंडपाठ होतं. या माणसाच्या तोंडात गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी एकदाही बघितलं नव्हतं, फक्त वास घेतला होता. त्या भीतीने गार पडल्या आणि रडू लागल्या, आणि दशरथराव त्यांच्या डोक्यावर हात ठेवून, दुखत असतानाही, "अगं, फोडच आहे, फोडच आहे," असं पुटपुटत राहिले. दोघांनाही ते खरं वाटत नव्हतं.

मीटिंग क्लब हाउसमध्ये होती. नंदाताई निघाल्या तेव्हा त्यांनी दारात उभं राहून विचारलं, "सांगू का मी तिथे?"

"सांग. त्या बाईंनी का भोगायचं?"

मुक्ताई शेवटच्या रांगेत एकट्याच बसल्या होत्या, दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या. येऊ नकोस म्हणून मुलाने सांगितलं असणार, तरी आल्या होत्या. वैजनाथांनी पार्किंगचा नकाशा छापून आणला होता. ते बोलायला उभे राहिले, पण नंदाताई बसल्याच नाहीत.

"पुड्या आमच्या घरच्या आहेत," त्या म्हणाल्या. "त्यावर कुंकू नाही. माझ्या यजमानांच्या तोंडातलं रक्त आहे ते. त्यांना घास गिळवत नाही. ते माझ्यापासून लपवत होते आणि मी मुक्ताईंच्या बादल्या तपासत होते. मुक्ताई, मी तुमच्यावर चारचौघांत आळ घेतला. चारचौघांतच सांगते, माझं चुकलं."

पूर्वाने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. वैजनाथांनी घसा साफ केला. "म्हणजे मॅडम, मेडिकल इश्यू आहे तर आमची सहानुभूती आहेच. पण मग खड्ड्यांचं नक्की काय ठरवायचं?"

"ते आज मला विचारू नका."

"मला विचारा," मागून आवाज आला. मुक्ताई उठल्या होत्या. "खड्ड्यांचं मी बघते."

"काकू, तुम्हाला जमेल का ते?" वैजनाथांनी विचारलं. "त्यातलं टेक्निकल बरंच असतं."

"कचरा कुजवायचाय ना? शनिवार पेठेत भाऊबंदकीचा खटला वीस वर्षं कुजताना बघितलाय मी. हे त्यामानाने लवकर होईल." थोडे लोक हसले. मुक्ताई नंदाताईंजवळ आल्या. त्यांचा चेहरा मऊ झाला नव्हता, तसा तो लगेच होणारही नव्हता. "एक आधीच सांगते. मी कोणाच्या बादलीत डोकावणार नाही. कुजेल ते कुजेल."

"चालेल," नंदाताई म्हणाल्या.

"आणि तुम्ही इथे कशाला थांबलात? घरी जा. त्यांना भाताची पेज गार करून द्या, मीठ न घालता. मीठ झोंबतं."

सोमवारी सकाळी दोघं रिक्षाने मोठ्या दवाखान्यात निघाले. रस्ता नेहमीसारखा तुंबलेला होता. मधेच दशरथरावांनी तोंडाला नॅपकिन लावला आणि रस्त्याकडे तोंड केलं. कागद लाल झाला. सवयीने त्यांनी तो मांडीवर ठेवून कोपरे दुमडले, आणि मग पुडी हातात धरून, ती कुठे टाकावी हे न कळून बसून राहिले.

नंदाताईंनी हात पुढे केला. "द्या इकडे."

त्यांनी दिली. नंदाताईंनी मूठ मिटली आणि दवाखाना येईपर्यंत उघडली नाही. त्यांनी काही विचारलंही नाही.